अब्रूच्या कादंबऱ्या व पंढरपूरचा पुरावा

जुन्या कादंबऱ्यांच्या मूळ प्रति जमविणाऱ्या संग्राहकांस पहिल्या आवृत्तीचें साल, छापखाना व पुठ्ठा यांची चौकशी असते, आणि ती योग्यच आहे. परंतु या ग्रंथांचा तत्कालीन गृहस्थितीचा पुरावा म्हणून कितपत उपयोग होतो, याचाहि विचार झाला पाहिजे. आमच्या मतें तो फारच थोडा होतो. आणि त्याचें कारण लेखकांचें अज्ञान नसून लोकांत दिसणाऱ्या अब्रूची काळजी हें आहे.

सोलापूर जिल्ह्यांतीलच उदाहरण घेऊं. लालशंकर उमियाशंकर यांनीं इ. स. १८७५ मध्यें पंढरपुरास बालहत्याप्रतिबंधक गृह स्थापिलें. यात्रेचें निमित्त करून गरोदर विधवांना पंढरीस आणावें, प्रसूति उरकावी व घराण्याचें नांव राखून परत न्यावें, हा प्रकार इतका रूढ होता कीं त्यासाठीं संस्था काढावी लागली. पुण्यास जोतीराव फुले यांनीं असें गृह त्यापूर्वींच, १८६३ मध्यें, उघडलें होतें.

आतां नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' पाहावी. ती १८६८ ची, म्हणजे या दोन सालांच्या मधली. आपल्या लोकांचे विवाह व इतर चालीरीति अशा आहेत कीं त्यांच्या आयुष्यांत मनोरंजक असें कांहीं सांपडत नाहीं, अशा आशयाची कबुली ग्रंथकारानें प्रस्तावनेंत दिली आहे, आणि म्हणून वाचकाला अद्भुताच्या प्रदेशांत नेलें आहे. प्रस्तावना प्रामाणिक खरी. पण तिच्यांतील विधान आम्हांस मान्य नाहीं. ज्या समाजांत आईला आपलें मूल परक्या गांवीं टाकून मुकाट्यानें घरीं परतावें लागत होतें, तेथें कथेला विषय नव्हता असें कोण म्हणेल? विषय होता, तो चारचौघांत काढतां येत नव्हता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाले'विषयीं (१८६१) वेगळें सांगण्याचें कारण नाहीं.

बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' (१८५७) मात्र निराळें आहे. ग्रंथकार धर्मांतरित, हेतु उघड प्रचाराचा, आणि रचना म्हणाल तर बेताचीच. कित्येकांनीं तर तिला कादंबरी म्हणण्याचेंच नाकारलें. तरीहि केशवपनाची व सोवळ्या बायकांच्या छळाची हकीकत हवी असल्यास संशोधकाला याच पुस्तकाकडे जावें लागतें. पक्षपाती साक्षीदारहि पाहिलेलें सांगत असेल, तर मौन धरणाऱ्या सभ्य साक्षीदाराहून तो बरा. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं १८९० पासून 'करमणुकीं'त 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिली, तेव्हां एका यमूच्याच तोंडून ही हकीकत घरच्या भाषेंत प्रथम ऐकूं आली. मध्यें तेहतीस वर्षें गेलीं.

ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' ही कादंबरी नव्हे, पण तिची गति येथें सांगण्याजोगी आहे. १८८२ मध्यें पुण्यास तिच्या पांचशें प्रति छापल्या. पुढें ती इतकी विस्मृत झाली कीं १९७५ मध्यें स. गं. मालशे यांनीं ती पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत थोड्यांनाच ठाऊक होती. संग्राहकांनीं याची खंत अवश्य करावी.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंचीं नांवें, गांवें व कुळें मिळतात. यात्रेचें खरें कारण तेथें नोंदविण्याची रीत नव्हती, आणि त्या काळच्या कादंबऱ्या चाळूनहि तें हातीं लागत नाहीं.