शेंदूर आणि मूर्ती: जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्यांविषयी

तत्त्वज्ञानाचा मास्तर कॉटन ग्रीनला येऊन सिनेमावर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. पण प्रश्न आमच्याच विषयातला आहे: एखादी वस्तू बदलली, तर ती तीच राहते का?

१९६० साली 'मुघल-ए-आझम' मराठा मंदिरला लागला. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. वडील इथल्याच रुईच्या गोदामात कामाला होते, त्यांच्याबरोबर गेलो. संवाद निम्मे डोक्यावरून गेले. एक क्षण मात्र आजही लख्ख आठवतो. कितीतरी वेळ पडद्यावर सगळं कृष्णधवल चाललेलं, दरबार, फौजा, बापलेकाचा तंटा. आणि शीशमहालात अनारकली नाचायला उभी राहते, तेव्हा पडदा एकदम रंगीत होतो! वडिलांनी आमचा हात घट्ट धरला होता.

त्या रंगाचा अर्थ पुढे मोठेपणी कळला. एक दासी भर दरबारात, बादशहाच्या तोंडावर, आपल्या प्रेमाची कबुली देते. भीती संपते तिथे रंग सुरू होतो.

२००४ साली हाच चित्रपट पूर्ण रंगवून पुन्हा आला. लांबी कमी केली, आवाज नव्या तंत्रात बसवला. मेहनत मोठी होती आणि त्यामुळे तरुण मंडळी थिएटरात आली, हेही खरं. पण पहिल्या दृश्यापासून सगळंच रंगीत म्हटल्यावर शीशमहालात वेगळं काय घडणार? रंग भरले, आणि रंगाचा अर्थ गेला.

यावर कुणी म्हणेल, के. आसिफ यांनाच सगळा चित्रपट रंगीत हवा होता ना? हवा असेल. पण मनातली इच्छा वेगळी आणि हातून झालेली कृती वेगळी. आसिफ १९७१ साली गेले. २००४ चे रंग त्यांनी निवडलेले नाहीत.

मग जुन्याला हातच लावू नये का? तसं नाही. गावाकडे देवाच्या मूर्तीवर वर्षानुवर्षं शेंदूर चढत जातो. एक दिवस ते कवच निखळतं आणि आत रेखीव मूर्ती दिसते. जीर्णोद्धार म्हणजे हे कवच उतरवणं: ओरखडे काढा, आवाजातली खरखर काढा. रंगवणं, छाटणं म्हणजे नवा शेंदूर.

आता आमच्याच मताला अडचणीत आणणारं उदाहरण घेऊ. 'शोले'. १९७५ पासून आपण सगळ्यांनी पाहिलेला शेवट म्हणजे पोलीस येतात आणि गब्बरला धरतात. मुळात ठाकूर त्याला ठार मारतो, असं चित्रित झालं होतं. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला. मूळ शेवटासह नीट केलेली प्रत २०२५ साली इटलीत बोलोन्या इथे दाखवली गेली. म्हणजे आपण पन्नास वर्षं शेंदरालाच मूर्ती समजत होतो! तेव्हा 'मूळ' म्हणजे 'आम्ही लहानपणी पाहिलेलं' नव्हे. तो नुसता स्मरणरंजनाचा हट्ट झाला. करणाऱ्याने विचारपूर्वक जे घडवलं, ते मूळ.

'शोले'चं नशीब चांगलं, की रिळं शिल्लक होती. दादासाहेब फाळक्यांनी दादरला केलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. आज त्याची म्हणून जी दृश्यं आपण पाहतो, ती फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. खातरजमा करायला दुसरी प्रतच हाताशी नाही. ज्या चित्रपटाला आपण आपला पहिला म्हणतो, त्याची ही गत.

म्हणून मागणी एवढीच: रंगवायचं तर रंगवा, पण काय बदललंत ते जाहिरातीवर स्पष्ट लिहा आणि मूळ प्रत तितक्याच सहज पाहायला मिळू द्या. आमचं मत चुकीचंही असेल. पण ते चूक की बरोबर, हे ठरवायला दोन्ही प्रती समोर हव्यात. एक नाहीशी झाली की वाद मिटत नाही मंडळी, तो घालायची सोयच राहत नाही.