दर मिनिटाचा श्वास, दर मीटरची किंमत

रॉबर्ट वॉटर्स आणि सारा मलरॉय यांनी निरोगी आणि आजारी चालीला लागणाऱ्या ऊर्जेवर १९९९ साली ‘गेट अँड पोश्चर’ या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहिला. भाषा कोरडी, पानोपानी तक्ते. तरी पक्षाघाताच्या भागाशी आलो की मी दर वेळी थबकतो.

लेखाचं सारं सौंदर्य एका भेदात आहे. चालताना लागणारा ऑक्सिजन ते दोन तऱ्हांनी मांडतात: मिनिटामागे आणि मीटरमागे. निरोगी प्रौढ सोयीच्या गतीने मिनिटाला सुमारे ८० मीटर जातो आणि वजनाच्या दर किलोमागे साधारण १२ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेला माणूस जातो सुमारे ३० मीटर. ऑक्सिजन? साधारण साडेअकरा मिलिलिटर. मिनिटाचा खर्च जवळपास तोच, पदरात पडलेलं अंतर मात्र निम्म्याहूनही कमी. नुसता मिनिटाचा आकडा पाहिला तर वाटावं, सारं ठीक आहे. मीटरचा हिशेब शेजारी ठेवला की कळतं, खर्च आवाक्यात राहावा म्हणून शरीराने वेगच सोडून दिला आहे. ज्याला आपण मंदपणा म्हणतो, तो काटेकोर संसार आहे.

एवढी ऊर्जा जाते कुठे? चवडा उचलत नाही, गुडघा पुरेसा वाकत नाही. मग कंबर वर खेचून पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवत पुढे आणायचा. एरवी पाऊल सुटताना पोटरी मागून रेटा देते, त्याने पुढचं पाऊल स्वस्तात पडतं. लुळ्या बाजूला तो रेटाच क्षीण, त्याची भरपाई चांगल्या पायाने करायची, पावलागणिक. या चालीला नुसती ‘सदोष’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. न पडता पुढे जाण्याची ती शोधून काढलेली वाट आहे, फार महाग पडणारी.

सरासरीत एक गोष्ट मात्र हरवते. कुणी जवळजवळ पूर्ववत चालतो, कुणाला चार पायांची काठी लागते. शिवाय आजारपणात दमसास खालावलेला असतो. त्यामुळे तेच साडेअकरा मिलिलिटर रुग्णाच्या कुवतीचा फार मोठा हिस्सा खातात.

घरात असं कुणी असेल तर ‘जरा भरभर चला’ म्हणू नका. वाटेत टेकायला एक खुर्ची ठेवा, आणि चवडा सावरणारा एएफओ (घोटा आणि पावलाला आधार देणारं साधन) उपयोगी पडेल का, हे फिजिओथेरपिस्टना जरूर विचारा.