छांदिष्टांची वीरगाथा

मनुष्याचा छंद जोंवर निरुपयोगी असतो, तोंवर जग त्यास हसतें. तो उपयोगी ठरला, कीं तेंच जग म्हणूं लागतें, हा छंद नव्हताच, ही दूरदृष्टि होती! माळ्यावर जुन्या मोटारी, मोडकीं यंत्रें आणि बंद पडलेले संगणक जमवून आयुष्यभर त्यांच्याशीं झोंबत बसणाऱ्या माणसाच्या वांट्यास या दोन अभिप्रायांपैकीं बहुधा पहिलाच येतो. अशा माणसांच्या कुळाचा इतिहास अमेरिकन ग्रंथकार स्टीव्हन लेव्ही यांनीं 'हॅकर्स' या नांवानें १९८४ सालीं प्रसिद्ध केला. त्यास आतां चाळीस वर्षें होऊन गेलीं. तरी तो अद्यापि आवडीनें वाचला जातो. ज्या मापानें त्यांत छंदाचें मोल केलें आहे, तें माप मात्र एकदां तपासून पाहणें अगत्याचें वाटतें.

प्रथम नांवाविषयीं. आज 'हॅकर' म्हटलें, कीं दुसऱ्याच्या संगणकांत चोरवाटेनें शिरणारा भामटा डोळ्यांसमोर उभा राहतो. ग्रंथांतील अर्थ याहून जुना व निर्मळ आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठांत १९४६ सालीं खेळांतल्या आगगाड्यांचा नाद असणाऱ्या विद्यार्थ्यांचें एक मंडळ निघालें. त्यांत दोन तट पडले. एकास इंजिनें, डबे आणि डोंगर हुबेहूब रंगविण्यांत गोडी. दुसऱ्याचें सारें लक्ष टेबलाखालीं. तेथें देणगीदाखल मिळालेल्या टेलिफोनच्या सामानांतून त्यांनीं तारा, कळा आणि रिले यांचें एक प्रचंड जाळें विणलें होतें. वर एकाच वेळीं अनेकांना आपापल्या गाड्या चालवितां याव्यात, हा त्याचा उद्देश. या टेबलाखालच्या मंडळींत, चतुराईनें साधलेल्या जोडणीस 'हॅक' म्हणत. शब्दाचा उगम हा असा, चोरींत नव्हे तर कारागिरींत आहे.

लेव्ही यांचा पहिला भाग या टेबलाखालून निघतो, आणि आमच्या मतें तोच ग्रंथाचा प्राण होय. त्या वेळीं विद्यापीठांत आय. बी. एम. ७०४ नांवाचा अवाढव्य संगणक होता; परंतु त्यास हात लावण्याचा अधिकार नेमलेल्या चालकांसच. इतरांनीं छिद्रें पाडलेलीं आपलीं पत्रें पुढें करावीं आणि उंबऱ्याबाहेर तिष्ठत राहावें. लेव्ही या चालकांस पुरोहितवर्गच म्हणतात, आणि ती उपमा आपल्याकडील वाचकास समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १९५८ सालीं लिंकन प्रयोगशाळेकडून टी. एक्स. शून्य हें यंत्र विद्यापीठांत आलें, आणि गाभाऱ्याचें दार उघडलें. या यंत्रासमोर मनुष्याला स्वतः बसतां येई. चूक झाली, तर तिथल्या तिथें सुधारतां येई. यंत्रास एक ध्वनिक्षेपक होता. त्याचा संबंध हिशेबांतील एका अंकस्थानाशीं जोडलेला. पीटर सॅम्सन नांवाच्या विद्यार्थ्यानें त्या एका अंकाची उघडझाप अशा बेतानें घडवून आणली, कीं त्या घरघरीतून बाखच्या संगीताचे सूर निघाले. लक्षावधि डॉलर किंमतीच्या यंत्राकडून हें असलें काम! त्यापासून लाभ कोणता, असें विचारणारास उत्तर नाहीं. आणि ग्रंथकारही येथें तें शोधीत बसत नाहींत. त्यांची लेखणी या ठिकाणीं त्या मुलांइतकीच निर्हेतुक आनंदांत रमली आहे.

दुसऱ्या भागांत स्थळ बदलून कॅलिफोर्निया येतें. १९७५ च्या जानेवारींत एका मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' या जुळणीच्या संगणकाचें चित्र झळकलें. सुटे भाग मागवावे, घरीं बसून डाग द्यावे, आणि चारशें डॉलरांच्या आंतबाहेर आपला स्वतःचा संगणक उभा करावा! त्याची मूळची स्मृति अवघी २५६ बाइटांची. पडदा नाहीं, टंकफलक नाहीं. पुढें नुसत्या कळा आणि लुकलुकणारे दिवे. त्याच वर्षाच्या मार्चांत मेन्लो पार्क येथील एका मोटारखान्यांत 'होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब' या हौशी मंडळींची पहिली बैठक भरली. पुढें लौकरच स्टीव्ह डॉम्पिअर या सभासदानें अल्टेअरजवळ एक लहानसा रेडिओ ठेवून, यंत्राच्या विद्युत्स्पंदांनीं रेडिओंत उठणाऱ्या खरखरीसच सुरांत बसविलें व बीटल्सचें एक गाणें वाजवून दाखविलें. सॅम्सनच्या ध्वनिक्षेपकास निदान तारा तरी होत्या. येथें रेडिओ यंत्राला जोडलेलाच नव्हता. दोन पिढ्यांच्या या दोन प्रसंगांतील साम्य वाचकाच्या मनांत आपोआप उमटतें, आणि तेथें ग्रंथ अत्यंत उंच जातो.

परंतु ग्रंथाचें उपशीर्षक 'संगणकक्रांतीचे वीर' असें आहे, आणि येथूनच आमचा मतभेद सुरू होतो. वीर म्हटला, कीं त्यास विजय पाहिजे. म्हणून त्या मोटारखान्यांतील शेंकडों खटपटींपैकीं, ज्यांतून १९७६ सालीं 'ॲपल' निघाली, ती खटपट कथेच्या मध्यभागीं येते. विजयानंतर वीरगाथेस ऱ्हासही पाहिजे. त्याच सालच्या फेब्रुवारींत बिल गेट्स यांनीं हौशी मंडळींस उघड पत्र लिहून, आमचें बेसिक तुम्ही फुकट नकलून घेतां, ही चोरी होय, अशी तक्रार केली. तेव्हांपासून पैशाचा वास कथेंत शिरतो. तिसऱ्या भागांत खेळांचे कारखाने निघतात, आणि शेवटीं रिचर्ड स्टॉलमन या एका उरलेल्या वीरास 'अखेरचा' म्हणून ग्रंथकार त्याला जणूं निरोप देतात. पण हा अखेरचा वीर त्याच सुमारास एका नव्या मुक्त प्रणालीच्या उभारणीस लागला होता; आणि १९९१ सालीं लिनस टॉर्व्हल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें, हा केवळ आपला छंद आहे, असें सांगत जें काम जाहीर केलें, त्यांतूनच लिनक्स निपजलें. ज्यास ग्रंथानें अस्त म्हटलें, तें केवळ ग्रंथकाराची बैठक उठण्याची वेळ होती.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. हीं माणसें रात्र रात्र जागलीं, हें लेव्ही सांगतात. पण कोणत्या गोष्टीनें त्यांस जागविलें, हें ते क्वचितच उलगडून दाखवितात. याच्या उलट ग्रे वॉल्टर यांचें 'द लिव्हिंग ब्रेन' हें १९५३ चें पुस्तक पाहावें. वॉल्टर हे ब्रिस्टल येथील मेंदूचे संशोधक. त्यांनीं १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवें बनविलीं. प्रत्येकांत व्हॉल्व दोन, मोटारी दोन, एक प्रकाश ओळखणारा डोळा आणि धक्का जाणणारें एक कवच. एक मोटार चालविते, दुसरी वळविते. प्रकाश दिसला, कीं वळणें थांबतें आणि कासव त्याच्याकडे जातें. प्रकाश फार प्रखर झाला, कीं तें तोंड फिरवितें. एवढ्या तुटपुंज्या सामग्रींतून जिवंत प्राण्याच्या वागण्याचा भास कसा उत्पन्न होतो, हें वाचतांना वाचक स्वतः त्या जोडणींत शिरतो. लेव्हींच्या ग्रंथांत तो खिडकीबाहेर उभा राहून आंतील दिवा पाहतो. पुरोहितांस दोष देणाऱ्या ग्रंथानें वाचकास मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावें, हें विसंगत आहे.

यांतूनच तिसरी उणीव उपजते, आणि तीच आम्हांस सर्वांत मोठी वाटते. या ग्रंथांत म्हातारपण नाहीं. वीर विशींत भेटतात, आणि त्यांची ज्वाला मंद होतांच कथा दुसऱ्या गांवीं निघून जाते. पण छंदाची खरी कसोटी विशींत लागत नाहीं. कीर्ति ओसरल्यावर, यंत्र भंगारांत निघाल्यावर, जगानें नवें खेळणें उचलल्यावर जो मनुष्य तीच जुनी जोडणी पुन्हां उकलूं पाहतो, त्याचें काय? ज्यानें कंपनी काढली नाहीं, त्याचें आयुष्य वायां गेलें काय? या प्रश्नास ग्रंथाच्या मापानें 'होय' असेंच उत्तर येतें, आणि तें उत्तर खोटें आहे.

याचा पुरावा ग्रंथाच्या पहिल्या नायकानेंच पुढें दिला. माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्यें १९६० च्या सुमाराचें पी. डी. पी. १ जातीचें एक यंत्र या शतकाच्या पहिल्या दशकांत पुन्हां चालू करण्यांत आलें. तें चालू करणाऱ्या मंडळींत पीटर सॅम्सन होते. चाळीस वर्षांपूर्वींच्या कागदी फितींवरील छिद्रांचा अर्थ लावून त्यांनीं त्या यंत्राकडून जुनें संगीत पुन्हां वाजवून घेतलें. यांत विजय नाहीं, क्रांति नाहीं, नफा तर नाहींच. एका वृद्ध यंत्रापुढें एक वृद्ध मनुष्य बसला आहे, आणि त्याला तें अजून समजतें, एवढेंच.

'हॅकर्स' अवश्य वाचावा. त्याचा पहिला भाग तर दोनदां वाचावा. मात्र वीरगाथेचा पडदा पडल्यावरही पुष्कळ घरांच्या माळ्यांवर दिवा जळत असतो, आणि त्या दिव्याचा इतिहास लिहावयाचा अजून राहिला आहे, हें ध्यानांत ठेवूनच तो मिटावा.