धारवाडचा वेढा : मदत कोणाची, मुलूख कोणाचा?

सप्टेंबर १७९० मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा त्यांच्या छावणीत कॅप्टन लिटलच्या हाताखाली मुंबईकर इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या. किल्ला टिपूचा, किल्लेदार बद्रुज्जमानखान. या वेढ्यावर मराठीत वाचावेत ते वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तील पटवर्धनी कागद, इंग्रजीत वाचावे ते लिटलच्याच तुकडीतल्या एडवर्ड मूरचे १७९४ साली लंडनला निघालेले पुस्तक. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना मी दर वेळी एकाच प्रश्नापाशी अडतो : इंग्रज इथे कोणाच्या कामाला आला होता?

मूरला भाऊंची दिरंगाई खुपते. तोफ ठासायची, मग अर्धा तास गप्पा आणि धूम्रपान, बार काढायचा, धुरळा उठला की समाधान. भर दुपारी जेवणासाठी दोन्ही बाजू गप्प. हे वर्णन गमतीदार आहे खरे, आणि आपल्याला हिणवण्यासाठी ते फार वेळा उचलले गेले. पण ज्याला तो आळस समजतो, त्यामागे हिशेब असावा असे मला वाटते. १७८५ साली टिपूने नरगुंद घेऊन व्यंकटराव भावे आणि काळोपंत पेठे यांना कबालदुर्गावर कैदेत टाकले; सोडवायला गेलेले भाऊ हात हलवीत परतले होते. त्यांचे युद्ध तुंगभद्रेपर्यंतच्या गेलेल्या मुलखासाठी, ठाण्याठाण्यासाठी होते. कंपनीला टिपू मोडायचा होता. १ जून १७९० च्या पुण्याच्या तहाने हे दोन हेतू एका दावणीला बांधले, एवढेच. आणि घाई करून इंग्रजांनी तरी काय साधले? कर्नल फ्रेडरिकने ७ फेब्रुवारी १७९१ ला हल्ला चढवला; खंदक बुजवायला टाकलेल्या सुक्या मोळ्या किल्ल्यातल्यांनी पेटवून दिल्या. मार्चमध्ये फ्रेडरिक वारला. किल्ला एप्रिलमध्ये पडला.

१७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने हा टापू पेशव्यांकडे आला. भाऊंचा हिशेब तेव्हा बरोबर ठरला. पण १८१७ च्या जूनमध्ये बाजीरावाकडून जे लिहून घेतले, त्यात धारवाडही होते. पाव शतकात मदतनीस मालक झाला!

आपले लेखक इथवर येतात. मधल्या दोन गोष्टी मात्र घाईने ओलांडतात, हा माझा खरा आक्षेप आहे. सहा महिन्यांहून अधिक किल्ला लढवणारा खान अटी मान्य करवून बाहेर पडला, आणि वाटेत त्याच्यावर हल्ला होऊन तो जखमी स्थितीत कैद झाला. करार आधी त्यानेच मोडला, असा बचाव पुढे आला. मला तो पटत नाही. वचन देऊन बाहेर काढलेल्या शत्रूला वाटेत गाठणे कोणत्या शास्त्रात बसते? दुसरी गोष्ट शृंगेरीची. त्याच साली रघुनाथराव पटवर्धनांच्या फौजेतील लोकांनी मठ लुटला, शारदेची मूर्ती हलवली, स्वामींना कारकळला जावे लागले. आणि मठाच्या पुनःस्थापनेला पैसे पाठवले टिपूने! धर्मयुद्ध म्हणून हा प्रसंग रंगवणाऱ्यांनी याचे काय करायचे ते सांगावे.

टिपूची स्वामींना लिहिलेली पत्रे १९१६ साली मठात सापडली. ती कन्नडात आहेत. मराठी कागदांच्या जोडीला तीही वाचल्याशिवाय या वेढ्यावर लिहू नये. मला ती अडखळत वाचावी लागतात. आपल्या घरांतली कन्नड शाळेत शिकणारी मुले सहज वाचतील.