बूस्टचा काटा नेमकं काय मोजतो?

छोट्या गाडीला वरून सुपरचार्जर बसवणाऱ्या मंडळींमध्ये एका आकड्याला फार मान असतो : बूस्ट. ‘आधी सहा पीएसआय होता, छोटी पुली टाकली, आता दहा आहे,’ असं अभिमानानं सांगितलं जातं. ऐकणाराही ताकद त्याच हिशेबात वाढली असं धरून चालतो. किटच्या जाहिरातीही हाच आकडा पुढे करतात. माझा आक्षेप या सवयीवर आहे. काटा खोटं बोलत नाही, पण आपण विचारतो एक आणि तो सांगतो दुसरंच.

उदाहरण घेऊ माझदा मियाताचं. १९८९ साली अमेरिकेत आलेली ही दोन सीटची गाडी. पहिलं इंजिन १.६ लिटरचं, ११६ हॉर्सपॉवरचं. तिच्यासाठी निघालेल्या गाजलेल्या किटमध्ये ईटन कंपनीचा एम४५ सुपरचार्जर असे. ४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घन इंच, साधारण पाऊण लिटर हवा. हा रूट्स जातीचा. तो स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही, नुसती पलीकडे ढकलतो. इंजिनाला सहज घेता येईल त्याहून जास्त हवा आली की मॅनिफोल्डमध्ये गर्दी होते. त्या गर्दीचा दाब म्हणजे बूस्ट.

आता मेख इथे आहे. इंजिनात किती हवा जाणार, हे मुख्यतः सुपरचार्जर किती वेगानं फिरतो यावर, म्हणजे पुलीवर ठरतं. दाब मात्र त्या हवेच्या तापमानावरही ठरतो. हवा तेवढीच, जागा तेवढीच, पण हवा तापलेली असेल तर काटा वर जातो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना, तोच प्रकार.

थोडा हिशेब करू. बाहेर ३० अंश सेल्सियस, सुपरचार्जरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के धरा. दहा पीएसआय बूस्टला हवा सुमारे १२० अंशांवर जाते. दाब ७० टक्के वाढला, पण हवेची घनता वाढली फक्त ३१ टक्के. आता पुली तीच ठेवा आणि मध्ये इंटरकूलर घालून हवा ५० अंशांवर आणा. घनता तीच, ३१ टक्के जास्त. काटा मात्र दहावरून सहाच्या जवळ उतरतो! (कूलरमध्ये थोडा दाब वाया जातो, तो मी सोडून दिलाय.) म्हणजे आधीच्या दहातले चार पीएसआय नुसत्या उष्णतेचे होते.

बरं, ही उष्णता फुकट येत नाही. सुपरचार्जर बेल्टवर चालतो, म्हणजे त्याचं खाणंपिणं इंजिनाच्याच खिशातून. ६००० आरपीएमला याच हिशेबानं दहा पीएसआयसाठी सुमारे १३ हॉर्सपॉवर जातात, सहासाठी आठच्या आत. त्याहून वाईट म्हणजे नॉकिंग. तापलेल्या हवेतलं मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच पेटतं, आणि ते टाळायला इग्निशन मागे घ्यावं लागतं. पुलीनं कमावलेली ताकद इथे परत जाते. इग्निशन मागे घेतलं नाही, तर पिस्टनवर संकट.

कारखान्यानं हेच काम कसं केलं ते बघा. बीएमडब्ल्यूच्या काळातल्या पहिल्या मिनी कूपर एसमध्येही १.६ लिटरचं इंजिन आणि एम४५च होता. पण साध्या कूपरचं कॉम्प्रेशन १०.६, तर एसचं ८.३ वर आणलं आणि बॉनेटखाली इंटरकूलर दिला. तेव्हा कुठे १६३ हॉर्सपॉवर. मियाताचं कॉम्प्रेशन ९.४. ते तसंच ठेवून, कूलर न लावता नुसती पुली बदलणारा माणूस यातली दोन्ही कामं गाळतोय.

डायनोचे आलेखही जरा जपून वाचा. बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा आणि काही सेकंदांची धाव. घाटात किंवा ट्रॅकवर वीस मिनिटं गाडी हाणल्यावर हवा किती तापते, हे त्या कागदावर नसतं.

याचा अर्थ किट वाईट असं नाही. छोटी पुली खरोखरच जास्त हवा ढकलते, आणि पेडल दाबताच मिळणारा रूट्सचा जोर काही औरच. पाच-सहा पीएसआयवर, इंधन आणि इग्निशन नीट जुळवलेलं असेल तर कूलरविना गाडी छान चालते. पण त्यापुढे जायचं असेल तर पुलीच्या आधी मॅनिफोल्डमध्ये तापमानाचा सेन्सर बसवा. आणि कुणी ‘माझा बूस्ट दहा’ म्हणालं, तर एवढंच विचारा : ‘किती अंशांवर?’