उशीपर्यंत पोहोचलेलं नेटवर्क

कॉलेजांच्या माहितीपत्रकात आजकाल एक वाक्य हमखास सापडतं. आमच्या परिसरातलं नेटवर्क विद्यार्थ्यांचं राहणं आणि शिकणं एकमेकांशी जोडतं, असं ते वाक्य. ऐकायला छान वाटतं. पण जोडतं म्हणजे नेमकं काय करतं, आणि या जोडणीची दोरी कोणाच्या हातात असते, हे सहसा कोणी विचारत नाही. आज आम्हाला एवढंच विचारायचं आहे. त्यासाठी आम्ही एकच संस्था घेतली आहे, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यातलं डार्टमथ कॉलेज. तिथे हा प्रयोग साठ वर्षं चालू आहे आणि त्याचं भलंबुरं दोन्ही तिथेच बघायला मिळतं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्याला संगणकाला हात लावायला मिळत नसे. छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. डार्टमथचे गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ, यांनी एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी व्यवस्था उभी केली आणि तिच्या जोडीला बेसिक ही सोपी भाषा दिली. १ मे १९६४ च्या पहाटे बेसिकमधले पहिले प्रोग्रॅम चालले. या व्यवस्थेचं बरंचसं काम पदवीच्या मुलांनीच केलं होतं.

हे सगळं मोठंच आहे. पण आमच्या मते खरी मोठी गोष्ट तंत्राची नव्हती, नियमाची होती. संगणक ग्रंथालयासारखा खुला ठेवायचा, असा तो नियम. ग्रंथालयातल्या कपाटापाशी गेलेल्याला कोणी अडवून विचारत नाही, की बाबा रे, हे पुस्तक कोणत्या पेपरसाठी हवंय? तसंच इथे. इतिहासाच्या, साहित्याच्या विद्यार्थ्यानेही टर्मिनलपुढे बसावं. बसून खेळ खेळला तरी हरकत नाही. खेळता खेळता पोरं प्रोग्रॅम लिहायला शिकली. राहणं आणि शिकणं जोडलं गेलं ते असं, कोणी न जोडता.

१९८० च्या दशकाच्या मध्याला नेटवर्कची तार वसतिगृहाच्या खोल्यांत गेली. मग कॉलेजने स्वतःची ईमेल बनवली, ब्लिट्झमेल नावाची. ती इतकी अंगवळणी पडली की तिथे मेल पाठवण्याला ‘ब्लिट्झ करणं’ असंच म्हणू लागले. जेवायला कुठे भेटायचं ते त्यावरच आणि प्राध्यापकांना शंका विचारायची तीही त्यावरच. कोणता निरोप कोणाला पाठवायचा, हे मात्र पाठवणारा ठरवत होता. आमच्या पुढच्या सगळ्या टीकेचं मूळ या एका गोष्टीत आहे.

२००१ मध्ये डार्टमथने परिसरभर वायफाय बसवलं. असं करणाऱ्या पहिल्या काही संस्थांत तिचं नाव आहे. वायफाय आल्यावर एक बदल झाला, तो डोळ्यांना दिसत नाही. तुमचं यंत्र जवळच्या ज्या अॅक्सेस पॉइंटला जोडलं जातं, तिथे वेळेसकट नोंद राहते. तुम्ही मेसमध्ये होता, लायब्ररीत होता की खोलीवर, हे तुम्ही कोणाला न सांगताही कळू शकतं.

२०१३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी ‘स्टुडंटलाइफ’ नावाचा अभ्यास केला. ४८ विद्यार्थी, १० आठवडे. फोनमधल्या सेन्सरवरून झोप, हालचाल, गप्पागोष्टी यांचा अंदाज घेतला आणि त्याची सांगड मनावरच्या ताणाशी आणि परीक्षेतल्या गुणांशी घातली. हा अभ्यास विद्यार्थ्यांच्या संमतीने झाला, ओळख झाकून झाला. त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण झोप आणि गुण एका तक्त्यात मांडता येतात, हे एकदा समजलं की असा तक्ता संस्थेलाही हवासा वाटणार. आणि संस्था दर वेळी विचारून घेईलच असं नाही.

पुढचं प्रकरण २०२१ चं. करोनामुळे परीक्षा ऑनलाइन होत्या. कॅनव्हास या अभ्यासक्रमाच्या प्रणालीतल्या नोंदी तपासून डार्टमथच्या वैद्यकीय शाखेने १७ विद्यार्थ्यांवर परीक्षेत गैरप्रकार केल्याचा आरोप ठेवला. परीक्षा चालू असताना त्यांच्या नावावर अभ्यासाची पानं उघडली गेली होती, म्हणून. पण खात्यात लॉग-इन करून ठेवलेला फोन किंवा टॅब्लेट नुसता पडून असला, तरी कॅनव्हास आपणहून सर्व्हरशी बोलत राहतं आणि तशी नोंद उमटते. मुलांचं वैद्यकीय करिअर पणाला लागलं होतं. बराच गदारोळ झाला. शेवटी जूनमध्ये सगळे आरोप मागे घेतले गेले आणि अधिष्ठात्यांनी विद्यार्थ्यांची माफी मागितली.

जरा थांबून बघा. राहण्याची जागा हीच परीक्षेची जागा झाली होती. माहितीपत्रकात म्हणतात तसं राहणं आणि शिकणं अगदी पूर्ण जोडलं गेलं होतं. आणि त्या जोडणीने काय केलं, तर पडून राहिलेल्या यंत्राला साक्षीदार करून टाकलं. नोंद एवढंच सांगते की अमुक वाजता अमुक खात्यातून पान मागवलं गेलं. ते कोणी वाचलं का, हे नोंदीला ठाऊक नसतं.

आता कोणी म्हणेल, मुलं कॉपी करतात हे काय खोटं आहे? खोटं नाही. संस्थेने चौकशी जरूर करावी. पण नोंदीवरून चौकशी सुरू व्हावी, तिथेच ती संपू नये.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल, तर जरा घरी येऊ. पवईच्या आयआयटीने २००७ मध्ये वसतिगृहांतलं इंटरनेट रात्री ११ नंतर बंद करायचं ठरवलं. मुलं रात्र रात्र जागतात, सकाळच्या तासाला येत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, ही कारणं दिली गेली. काळजी खरी होती, ती आम्ही नाकारत नाही. पण उपाय नळ बंद करण्याचा होता. रात्री एकला सिनेमा बघणारा आणि रात्री एकला प्रोजेक्ट पुरं करणारा, दोघांचंही पाणी एकदमच तोडलं.

एकीकडे नळ बंद, दुसरीकडे नळावर पहारा. दोन्हींत समान धागा आहे. आपल्या दिवसाची घडी कशी घालायची, हे विद्यार्थ्याने ठरवायचं नाही. १९६४ च्या त्या नियमात तिसरी वाट होती. दार उघडं ठेवायचं, शेजारी मदत ठेवायची आणि उगाच चौकशी करायची नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आपल्या मुलांच्या किंवा स्वतःच्या कॉलेजात अॅपवर हजेरी आणि वायफायचं नवं खातं मिळेल, तेव्हा दोनच गोष्टी विचारा. ही नोंद किती दिवस ठेवता आणि कोण बघतं? आणि ती माझ्याविरुद्ध वापरायची वेळ आली, तर ती मला आधी दाखवून माझं ऐकून घेणार का? याची उत्तरं लेखी मिळाली, तर नेटवर्क खरंच जोडतंय असं समजायला हरकत नाही. नाही मिळाली, तर तार उशीपर्यंत आली आहे, एवढंच खरं.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.