‘नागिन’ची धून : मूळ आणि अनुकृती

लोकप्रिय चित्रपटगीतांच्या अनुकृतींकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी की, मूळ ध्वनिमुद्रण हे प्रमाण मानावे आणि पुढील प्रत्येक वादन त्याच्या किती जवळ जाते यावरून त्याचा दर्जा ठरवावा. ही कसोटी वरवर निर्दोष भासते. परंतु १९५४ सालच्या ‘नागिन’ या चित्रपटातील पुंगीच्या धुनेला ती लावली असता तिच्यातील वैगुण्य स्पष्ट दिसून येते. कारण येथे ज्याला मूळ म्हणावयाचे तेच एक अनुकृती आहे.

नंदलाल जसवंतलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे संगीत हेमंतकुमार यांचे होते. राजेंद्र कृष्ण यांचे शब्द, लता मंगेशकर यांचा स्वर आणि वैजयंतीमाला यांचे नृत्य यांमुळे ‘मन डोले मेरा तन डोले’ हे गीत देशभर गाजले. तथापि लोकांच्या स्मरणात शब्दांहूनही खोल रुतून बसली ती त्यातील पुंगी. ही पुंगी कोणा गारुड्याने वाजविलेली नाही. कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजविलेले क्लॅव्हिओलिन आणि रवि यांची हार्मोनियम यांच्या मेळातून तो नाद निर्माण झाला. हे दोघेही पुढे संगीत दिग्दर्शक म्हणून नावारूपास आले. परंतु त्या काळच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची प्रथा नव्हती. त्यामुळे ज्यांच्या बोटांतून ही धून निघाली त्यांची ओळख श्रोत्यांना व्हावी तशी झाली नाही.

क्लॅव्हिओलिन हे १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी सिद्ध केलेले विजेवर चालणारे पेटीवजा वाद्य होय. एका वेळी एकच स्वर, पण तो कंपित आणि अखंड, हा त्याचा धर्म. १९६२ साली इंग्लंडमध्ये ‘टेलस्टार’ या वाद्यरचनेत याच वाद्याने कृत्रिम उपग्रहाच्या युगाचा भास निर्माण केला. एका देशात आकाश आणि दुसऱ्या देशात वारूळ सुचविणाऱ्या या नादाला स्वतःचे असे मूळ स्थान नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता या धुनेच्या दुसऱ्या आयुष्याकडे वळू. गिरणेच्या काठी वसलेल्या भडगावसारख्या खानदेशातील तालुक्याच्या गावी ही धून चित्रपटगृहात जितकी ऐकली गेली त्याहून कितीतरी अधिक लग्नाच्या मिरवणुकीत ऐकली गेली. नवरदेव मारुतीच्या दर्शनास निघाला की बॅण्डच्या ताफ्याकडे ‘नागिन’ची मागणी होणारच. एकाने रुमालाचे टोक दातांत धरून पुंगी करावी आणि दुसऱ्याने हातांचा फणा करून धुळीत लोळावे, हा प्रकार महाराष्ट्रात कोणास सांगावा लागत नाही. अशा मिरवणुकीत १९५४ च्या धुनेला १९८६ च्या ‘नगीना’तील लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या धुनेचे तुकडेही जोडले जातात. लोकांच्या लेखी ‘नागिन’ ही एकच रचना राहिलेली नसून ती वादनाची एक जातच बनली आहे.

बॅण्डमध्ये ही धून दीर्घकाळ मुख्यतः क्लॅरिनेटवर वाजत आली. मूळ तबकडीशी तुलना केली तर ते वादन सदोषच ठरेल. क्लॅव्हिओलिनला दम लागत नाही, क्लॅरिनेटवाल्याला लागतो. त्याचा श्वास जेथे तुटतो ती जागा दुसऱ्या वाद्याने भरून काढावी लागते. परंतु खरी पुंगी तरी काय आहे? भोपळ्याला जोडलेल्या दोन नळ्या, त्यांपैकी एकीचा स्वर सतत धरलेला, आणि गाल फुगवून न तोडता चालविलेला श्वास. वीजवाद्याने पुंगीचा नाद घेतला, पण श्वास वगळला. क्लॅरिनेटने नाद पुष्कळसा गमावला आणि श्वास परत आणला. तबकडीपासून दूर गेलेली नक्कल या अर्थाने पुंगीच्या अधिक जवळ पोहोचली.

याहून महत्त्वाचा मुद्दा वादक आणि नाचणारा यांच्या संबंधाचा आहे. सापास बाह्यकर्ण नसतात. तो डोलतो तो मुख्यतः पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून. म्हणजे गारुड्याच्या खेळात सुरापेक्षा दोन देहांमधील परस्परावधान अधिक मोलाचे. मिरवणुकीत हे अवधान उलट दिशेने वाहते : वादक नाचणाऱ्याकडे पाहतो, रंग चढला तर तुकडा लांबवितो, फणा उभा राहिला की लय वाढवितो, मंडळी थकली की धून आटोपती घेतो. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत या निर्णयाला जागाच नव्हती. ती जागा अनुकृतीने निर्माण केली, आणि तेच तिचे स्वतंत्र कर्तृत्व होय.

आज बॅण्डच्या गाडीवर विजेचा कीबोर्ड आला आहे आणि त्यात पुंगीचा तयार आवाज भरलेला असतो. धून ज्या जातीच्या वाद्यावर जन्मली त्याच जातीच्या वाद्याकडे परतली, असे म्हणता येईल. नादसादृश्य वाढले आहे, श्वास पुन्हा गेला आहे. तरीही कीबोर्डवाल्याची नजर नाचणाऱ्यावर असते तोवर धुनेतील जिवंतपणा पुरता हरपत नाही. तो हरपतो तो ध्वनिवर्धकाच्या भिंतीतून केवळ मुद्रित संगीत सोडले जाते तेव्हा. त्या वेळी आवाज मुळाबरहुकूम असतो, पण समोर कोण नाचत आहे हे पाहणारा कोणीच नसतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने लग्नाच्या मिरवणुकीतील वादनास सूट दिलेली आहे. कायद्याच्या दृष्टीने भडगावचा क्लॅरिनेटवाला चोर नव्हे. संगीतसमीक्षेने मात्र त्याला अद्याप कलावंतांच्या पंक्तीत बसविलेले नाही. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, अशा उपेक्षेनेच त्याच्या वादनाकडे पाहिले गेले. त्याची वादने मुद्रित करून ठेवण्याचे काम तबकड्यांच्या संग्रहाइतकेच निकडीचे मानले पाहिजे. तबकडी जतन झालेली आहे. तिच्यातील धून सत्तर वर्षे ज्यांनी दारोदार नाचती ठेवली त्यांचे वादन मात्र मिरवणूक संपताच विरून जाते, आणि त्या वादनाचे जाणते आता थोडेच उरत चालले आहेत.